चॉकलेटचा परफ्यूम सांगलीच्या उन्हात कसा लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावहून सांगलीला रोज एसटीनं येणाऱ्या एका शिक्षिकेला भावानं दुबईहून चॉकलेटच्या वासाचा परफ्यूम पाठवला. डिसेंबरात तो त्यांना फार आवडला. मार्च लागल्यापासून मात्र दुपारी त्यांना स्वतःलाच मळमळतं, सासूबाई म्हणतात वास डोक्यात जातो, आणि वर्गातली पोरं विचारतात, "बाई, बिस्कीट आणलंय का?" त्यांना कळायला हवंय ते हे: उन्हाळ्यात हा परफ्यूम लावावा का, लावला तर किती आणि कुठं, दोन तासांनी चॉकलेट जाऊन नुसतं गोडच का उरतं, इथं मिळणारं 'चॉकलेट अत्तर' घ्यावं का, आणि अशा वासाला मुंग्या येतात का.

बाई, बाटलीत खोट नाही आणि तुमच्या नाकातही नाही. डिसेंबरातली सांगली आणि एप्रिलमधली सांगली ही वासाच्या हिशेबानं दोन वेगळी गावं आहेत. थंडीत सकाळी पारा पंधराच्या आसपास असतो, एप्रिल-मेमध्ये दुपारी तो चाळिशीला टेकतो. वास येतो म्हणजे कातडीवरून त्या पदार्थाचे रेणू उडून नाकापर्यंत पोचतात. ऊन वाढलं की ते जास्त वेगानं उडतात. थंडीत चार फवाऱ्यांतून जे दिवसभर हळूहळू सुटत होतं, तेच आता पहिल्या तास-दीड तासात एकदम सुटतं. मंद दरवळ होता, त्याचा भपकारा होतो. वाळ्याचा किंवा लिंबाचा भपकारा आला तरी माणूस सहन करतो, कारण ते वास गारवा देणारे आहेत. गोड वासाचा भपकारा उन्हात घशाशी येतो. म्हणून पहिली गोष्ट, थंडीचं माप उन्हाळ्यात चालवू नका.

तरी 'उन्हाळ्यात चॉकलेट लावूच नका' असं मी सांगणार नाही. मी अत्तरं विकते आणि गिऱ्हाइकाच्या पसंतीनं मिश्रणंही करून देते. चॉकलेटचे काही वास मेमध्येही छान लागतात, काही जानेवारीतही नकोसे होतात. तो फरक बाटलीत काय भरलंय यावर ठरतो, आणि तो ओळखता आला की तुमचे निम्मे प्रश्न सुटतात.

कोकोच्या झाडावरची ताजी बी फोडून हुंगली तर तिला चॉकलेटचा वास नसतो. बिया काही दिवस आंबवतात, वाळवतात आणि मग भाजतात, तेव्हा तो वास तयार होतो. भाजताना जे पदार्थ बनतात त्यांत पायराझिन नावाचं एक मोठं कुटुंब आहे. भाजलेले शेंगदाणे, कॉफी, पावाची लालसर कड, या सगळ्यांत तेच खरपूसपण असतं. चॉकलेटचा अर्धा जीव तिथं आहे. उरलेला अर्धा दूध, साखर आणि व्हॅनिला यांचा, म्हणजे कारखान्यात नंतर घातलेला.

परफ्यूम करणाराही हे दोन भाग वेगवेगळे आणतो. गोड बाजूला मुख्यतः दोन पदार्थ असतात, व्हॅनिलिन आणि एथिल माल्टॉल. व्हॅनिलिन 1874 सालापासून प्रयोगशाळेत तयार करता येतं. एथिल माल्टॉल ही पांढरी स्फटिकासारखी पूड, जत्रेतल्या साखरेच्या कापसाला येतो त्या वासाची, आणि भलतीच जोरदार. निसर्गात ती सापडत नाही. भाजक्या बाजूला पायराझिन अगदी चिमूटभर, कोको ॲब्सोल्यूट म्हणजे भाजलेल्या कोकोतून द्रावक वापरून काढलेला दाट, काळपट अर्क, आणि बहुतेक वेळा पॅचौली. पॅचौली म्हणजे आपण वेणीत मरव्याबरोबर गुंफतो त्या पाचेच्या कुळातलं. तिच्या तेलाला मातकट, दमट, किंचित कडसर वास असतो आणि त्यातच कोकोची झाक असते. म्हणून चॉकलेटच्या चांगल्या परफ्यूममध्ये ती जवळजवळ ठरलेलीच.

आपल्या भागात गुऱ्हाळ कुणी पाहिलं नाही असं नाही. रस काहिलीत नुकता उकळायला लागतो तेव्हा वास नुसता गोड आणि कच्चा असतो. काकवी दाट होत जाते तसा त्यात खरपूसपणा उतरतो, आणि गुळव्या काहील उतरवायची खूण करतो तेव्हा तो वास गोडापेक्षा खोल झालेला असतो, करपायच्या अगदी अलीकडचा. चॉकलेटचा परफ्यूम घेताना मी तो शेवटचा वास शोधते. पुष्कळशा बाटल्या पहिल्या उकळीवरच उतरवलेल्या असतात. त्या बाटलीच्या तोंडाशी छान लागतात, कारण गोड कुणालाही लगेच आवडतं. चाळीस अंशात मात्र तो कच्चा गोडवाच तुमच्या अंगावर येतो.

असे खाण्याच्या वासाचे परफ्यूम, ज्यांना गूरमाँ म्हणतात, ते फार जुने नाहीत. व्हॅनिला आधीपासून होतीच, गेरलाँ या फ्रेंच परफ्यूम घराण्याचा 1925 चा 'शालिमार' तिच्यावरच उभा आहे. पण मिठाईचा वास उघडपणे मध्यभागी आला तो 1992 मध्ये, तिएरी म्युगलर या फ्रेंच फॅशन डिझायनरच्या 'एंजल'पासून. तो परफ्यूम ऑलिव्हिए क्रेस्प यांनी बांधला. म्युगलरला लहानपणच्या जत्रेतले वास हवे होते. क्रेस्प यांनी एथिल माल्टॉल भरपूर घातलं आणि त्याच्यासमोर तितकीच दणदणीत पॅचौली उभी केली. ही पॅचौलीची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. इतका गोड परफ्यूम तीस वर्षांहून अधिक काळ टिकला तो साखरेमुळे नाही, साखरेला अडवणाऱ्या त्या मातकट कडवटपणामुळे. नंतर सर्ज ल्यूतांसच्या 'बोर्नियो 1834'मध्ये, जो 2005 मध्ये आला, गोड जवळपास काढूनच टाकलं आणि पॅचौली व कोको एवढंच पुढं ठेवलं. माझ्या मते चॉकलेटचा सगळ्यात प्रौढ वास तो. ज्यांना 'चॉकलेट म्हणजे पोरकट' वाटतं त्यांनी एकदा तो हुंगावा.

आता तुमच्या बाटलीचं बघू. भावानं ती दुबईहून पाठवली, त्यातही एक खुलासा आहे. आखातात गेल्या काही वर्षांत असले वास खूप चालतात. लताफा या तिथल्या कंपनीचा 'खमरा' 2022 मध्ये आला, त्यात दालचिनी, खजूर, प्रालिन (साखरेत घोळवलेला सुकामेवा) असं सगळं घट्ट गोड आहे. तिथं ऊन आपल्यापेक्षा कडक, मग तिथं कसं चालतं? माणसं दिवसाचा बराच वेळ एसीत असतात आणि असले वास रात्रीच्या बैठकीला, गार हवेत लावतात. तुमची सकाळची एसटी तशी नाही. खिडकी उघडली तर धूळ आणि झळा, मिटली तर पन्नास माणसांत कोंडलेली हवा. परफ्यूम ज्या हवेसाठी बांधलाय त्या हवेत तुम्ही तो लावत नाही, एवढंच.

बाटली कोणत्या जातीची ते घरीच कळेल. साध्या कोऱ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा, एक फवारा मारा, आणि घड्याळ लावून चार वेळा हुंगा: पाच मिनिटांनी, अर्ध्या तासानं, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. दोन तासांनंतर आणि सकाळी काय उरलंय ते महत्त्वाचं. कोकोची भुकटी, माती, लाकूड, कॉफी असं काही उरलं असेल तर बाटली कामाची आहे. केकवरच्या क्रीमचा वास एवढंच उरलं असेल तर ती थंडीसाठी ठेवा.

'दोन तासांनी चॉकलेट जातं' याचं उत्तरही यातच आहे. चॉकलेटचा पहिला झटका देणारे पदार्थ हलके असतात, लवकर उडून जातात. व्हॅनिलिन, एथिल माल्टॉल आणि मस्क म्हणजे कस्तुरीच्या जातीचे वास, हे जड, चिवट. ते संध्याकाळपर्यंत बसून राहतात. तळाला कोको ॲब्सोल्यूट किंवा पॅचौलीचा आधार नसेल तर चॉकलेट निघून जातं आणि मागं व्हॅनिलाची बिस्किटं राहतात. पोरांची नाकं तेच बरोबर ओळखतायत.

किती लावायचं? एप्रिल-मेमध्ये एकच फवारा. साध्या बाटलीच्या एका फवाऱ्यात साधारण 0.1 मिली द्रव येतो, म्हणजे 100 मिलीच्या बाटलीत हजारएक फवारे झाले. बाटली संपवायची घाई नको आणि कमी लावल्यानं काही वायाही जात नाही. मानेवर आणि कानामागं लावायची आपली सवय या दिवसांत मोडा. त्या जागा नाकाच्या अगदी खाली, शिवाय तिथं घाम सगळ्यात आधी येतो. घामाचा आंबटपणा आणि व्हॅनिला एकत्र झाली की तुम्ही म्हणता ती मळमळ सुरू होते. कमरेला, नाहीतर गुडघ्याच्या मागच्या बाजूला लावा. अंगाच्या उष्णतेनं वास वर चढतोच, फक्त वाटेत पातळ होत येतो. अंघोळीनंतर लगेच नको. अंग पुसून, पंख्याखाली निवून कोरडं झालं की मग लावा, आणि घरातून निघायच्या निदान अर्धा तास आधी लावा, म्हणजे पहिला भपकारा घरीच जिरेल. काखेत कधीच नको.

थंडीत याच्या उलट. नोव्हेंबर ते जानेवारी हा या वासांचा खरा हंगाम. तेव्हा कातडी कोरडी पडते आणि कोरड्या कातडीवर वास टिकत नाही. मनगटाला, मानेला बिनवासाचं व्हॅसलीन अगदी पुसट चोळा आणि त्यावर दोन-तीन फवारे मारा. खोबरेल तेल नको. ते चॉकलेटला वाईट लागतं असं नाही, पण नारळाची मिठाई होते आणि तुम्हाला हवा होता तो वास हरवतो. पावसाळ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कपडे धड वाळत नाहीत. त्या कुबटपणावर गोड वास मारला की दोन्ही वास एकमेकांना वाढवतात. कपडे खडखडीत वाळलेले असतील तरच लावा.

सासूबाईंच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करू नका. एकच वास सतत नाकात राहिला की नाक त्याला सरावतं आणि तो लावणाऱ्याला जाणवेनासा होतो. वीस-पंचवीस मिनिटांत तुम्हाला वाटतं 'उडाला वाटतं', तुम्ही आणखी एक फवारा मारता, आणि बाहेरून येणाऱ्याला तो दुप्पट लागतो. चॉकलेटच्या वासात हे हमखास होतं. स्वतःच्या नाकावर विसंबू नका, घरातल्या एखाद्या माणसाला हातभर अंतरावर उभं करून विचारा. त्या अंतरावर आला तर पुरेसा आहे. दाराशी उभं राहून आला तर जास्त झाला. एसटीत शेजारच्या सीटवर अर्धशिशीची बाई असू शकते, वर्गात दम्याचं मूल असू शकतं. तसं मूल वर्गात आहे हे माहीत असेल तर शाळेच्या दिवशी कसलाच जोरदार वास लावू नका. मिरजेला कुणाला दवाखान्यात भेटायला जातानाही नको. आजारी माणसाला गोड वासाची शिसारी फार लवकर येते.

उन्हाळ्यातही हा वास सोडवत नसेल तर त्याला जोडीदार द्या. माझ्या अनुभवात वाळा सर्वांत उत्तम. खसचं अस्सल अत्तर हिरवट, मातकट, मुळांच्या वासाचं असतं. चॉकलेटची साखर ते झाकतं आणि कोकोचा कडवटपणा वर आणतं. मनगटाला वाळ्याचा एक ठिपका आणि कमरेला चॉकलेटचा एक फवारा. दोन्ही एकाच जागी नकोत. चंदन दुसरा. तो वास मऊ करतो, पण उन्हाळ्यात वाळ्याइतकी मदत करत नाही. गुलाब आणि चॉकलेट ही जोडी जुनी आणि सुंदर आहे, फक्त गुलाब नखभरच हवा. मोगऱ्याचा गजरा माळणार असाल त्या दिवशी मात्र चॉकलेट घरी ठेवा. मोगरा ताजा असताना छान असतो, दुपारी कोमेजायला लागला की त्याचा वास जड आणि कुजकट होत जातो. त्यावर व्हॅनिला म्हणजे डोकेदुखीच. गजऱ्यासारखा जिवंत वास आपल्याकडे काही कौतुक न होता रोज मिळतो, त्या दिवशी त्यालाच मान द्यावा.

कपड्यांचं बघा. व्हॅनिलिन हवेनं आणि उजेडानं तपकिरी होत जातं. म्हणून बाटलीतला द्रव वर्षभरात गडद झाला तर घाबरू नका, तो नासलेला नसतो. पण तोच गुण पांढऱ्या कपड्यावर डाग बनून येतो, आज फवारा मारला तर डाग काही दिवसांनी दिसतो. पांढरं, क्रीम, फिकट सुती यांवर नको. रेशमी साडीवर आणि जरीवर तर मुळीच नको. सुती, गडद रंगाच्या कपड्याच्या आतल्या शिवणीवर चालेल. आणि कापडावर हा वास धुईपर्यंत राहतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी तीच ओढणी घेणार असाल तर वरून पुन्हा मारू नका. बाटली खोक्यातच, आतल्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. पत्र्याच्या घरात माळ्यावर नको, न्हाणीघरात नको, गाडीत तर नकोच. आणखी एक, यात अल्कोहोलचं प्रमाण खूप असतं. देवघरात निरांजन तेवत असताना किंवा गॅसजवळ उभं राहून फवारा मारू नका, आणि मारल्यावर ओल्या अंगानं दिवा लावायला जाऊ नका.

आता आपल्या बाजारातलं चॉकलेट अत्तर. उत्तर प्रदेशातल्या कनौजला देग-भपक्यावर, म्हणजे वाफ धरून अर्क काढायच्या जुन्या भांड्यांत, फुलांचं, वाळ्याचं, मातीचं अत्तर ओढतात, तसं चॉकलेटचं ओढत नाहीत. 'चॉकलेट अत्तर' म्हणून जे मिळतं ते वर सांगितलेल्या पदार्थांचं तेलात किंवा तेलासारख्या द्रावकात केलेलं मिश्रण असतं. त्यात वाईट काही नाही, परफ्यूमही तेच आहे. पण कुणी 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणून दर लावला तर तो देऊ नका. तुमच्या गरजेला अत्तराचा एक फायदा मोठा आहे. त्यात अल्कोहोल नसल्यानं ते झटक्यानं उडत नाही, अंगाशी राहतं. एसटी आणि वर्ग, दोन्हीकडे फवाऱ्यापेक्षा अत्तराचा ठिपका बरा. फक्त दुकानात बाटलीला नाक लावून निवडू नका. मनगटाला एक थेंब लावून घ्या, गणपती पेठेतली बाकीची खरेदी उरका, चहा घ्या, आणि दोन तासांनी पुन्हा हुंगा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. रंगावरून पारख करू नका, गडद रंग व्हॅनिलिनचाही असू शकतो आणि नुसता घातलेलाही. कातडी नाजूक असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस थांबा.

दुकानात पुरुष गिऱ्हाइकं हळूच विचारतात, 'आम्ही लावला तर चालेल का?' अगदी चालेल. म्युगलरनं 1996 मध्येच पुरुषांसाठी 'ए मेन' काढला, कॉफी, कॅरमेल, पॅचौली आणि डांबराची झाक असलेला. तुमच्या यजमानांना आवडत असेल तर एकच बाटली दोघांना पुरेल.

मुंग्यांचं उत्तर सोपं आहे. परफ्यूममध्ये साखर नसते. व्हॅनिलिन आणि एथिल माल्टॉल यांचा वास गोड आहे, पण ती साखर नव्हे, त्यात मुंगीला खायला काही नाही. बाटलीजवळ मुंग्या दिसत असतील तर त्या कप्प्यात दुसरं काही सांडलंय. तो ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

भाऊ पुढच्या खेपेला 'काय आणू' विचारेल तेव्हा त्याला तीन गोष्टी सांगा. बाटली 30 मिलीचीच घे. वर्णनात नुसतं व्हॅनिला, कॅरमेल, प्रालिन असेल तर सोड; कोको, पॅचौली, कॉफी, वाळा, देवदार यांपैकी दोन तरी असूदेत. आणि दुकानातल्या एसीत घाईनं पसंत करू नकोस, मनगटाला लावून उन्हात एक फेरी मार आणि मगच पैसे दे.